बातमी, आवाज, चित्र: प्रवेश घेण्याआधी हे पत्रक वाचा

बातमी आणि व्हिडिओचं काम शिकायचं म्हणून आमच्याकडे चौकशीला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा असतो. मुलगा वर्गात डोकावत उभा असतो आणि वडील विचारतात, "कुठला घेऊन देऊ? चाळीस हजारांत चांगला येईल ना?" त्यांना आम्ही हात जोडून सांगतो, काका, कॅमेरा आत्ता नको. आधी त्याला मराठी नीट टाइप करायला शिकू द्या, कन्नड वाचू द्या, खिशातल्या फोनवर स्वच्छ आवाज घेऊ द्या. आपल्या सीमाभागात माध्यमांतलं पहिलं काम या तीन गोष्टींवर मिळतं. कॅमेरा त्यानंतर, आणि तोही पहिल्या कमाईतून.

बेळगावच्या टिळकवाडीतलं आमचं केंद्र छोटं आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल कंपोझ करणं हा आमचा मूळ धंदा. तो अजून चालू आहे आणि शिकवणं त्यातूनच सुरू झालं. त्यामुळे वर्गात जे सांगतो ते बाजूच्या टेबलावर रोज घडताना दिसतं.

आधी अक्षर

गावोगावच्या पतसंस्था, मंडळं, शाळा यांचं वीस-पंचवीस वर्षांचं मराठी लिखाण जुन्या फाँटमध्ये अडकलेलं आहे. त्या फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षराचाच क्रमांक साठवलेला असतो. म्हणून तो मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कुठेही न्या, मराठीच राहतो आणि शोधला तर सापडतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं आहेत. पण रूपांतरानंतर जोडाक्षरं, रफार आणि अवतरणचिन्हं तुटतात, ती एकेक ओळ वाचून दुरुस्त करावी लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला मागणी आहे आणि ते नीट करणारी माणसं फार थोडी आहेत.

एकच शब्द जवळून पाहू: 'दुसऱ्या'. इंटरनेटवर हा शब्द जागोजागी 'दुसर्या' असा दिसतो. टाइप करणाऱ्याने साधा र घेतला, म्हणून रफार य च्या डोक्यावर जाऊन बसला. आपल्याला हवा असतो तो अर्धा, आडवा र. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर शिफ्ट धरून 'जे' दाबलं की ऱ येतो, मग 'डी' दाबून हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य. तीन कळांचं काम. पण ते माहीत नसलं की बातमीत 'शेतकऱ्यांना' चुकतं, 'पायऱ्या' चुकतात, आणि कुणी बरोबर शब्द टाकून शोधायला गेला तर तुमची बातमी त्याला सापडेलच असं नाही. उपसंपादक पहिल्या परिच्छेदातच ओळखतो, समोरचा शिकून आलाय की नाही.

आम्ही इनस्क्रिप्टचाच आग्रह धरतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी सोय सोपी वाटते, आणि घरच्या निरोपांना ती पुरेशी आहे. पण इनस्क्रिप्टची मांडणी बहुतेक भारतीय लिप्यांना एकच आहे. मराठी क ज्या कळेवर, कन्नड क त्याच कळेवर. ळ ज्या कळेवर, तिकडचा ळ सुद्धा तिथेच. म्हणजे बोटं एकदा बसली की भाषा बदलायची आणि कन्नड टाइप करायला लागायचं. कन्नडमध्ये नुडी या सॉफ्टवेअरची मांडणीही चालते, ती वेगळी आहे आणि गरज पडली तर नंतर शिकता येते. पण बेळगावच्या मुलाला एका कष्टात दोन लिप्या मिळत असतील, तर त्या का सोडायच्या?

कन्नड येत असेल तर ती लपवू नका

हे आम्ही कळकळीने सांगतो. आपली मातृभाषा मराठी, तिचा अभिमान आहेच. बाबूराव ठाकूरांनी १९१९ मध्ये 'तरुण भारत' काढला, तेव्हापासून या गावाला मराठी बातमी वाचायची सवय आहे. पण तालुका कचेरीतलं परिपत्रक, पोलिसांची प्रसिद्धिपत्रकं, महापालिकेच्या नोटिसा कन्नडमध्ये येतात. ती स्वतः वाचणारा वार्ताहर आणि दुसऱ्याकडून अर्थ विचारून घेणारा वार्ताहर, यांच्यात एका तासाचं अंतर पडतं. बातमीच्या धंद्यात एक तास फार मोठा.

भाषांतराचं यंत्र आहे की, असं मुलं म्हणतात. आहे, आम्हीही वापरतो, पण मजकुराचा अंदाज घेण्यापुरतं. कन्नड आणि मराठीत दिसायला सारखे, अर्थाने वेगळे असे शब्द पुष्कळ आहेत. कन्नडमध्ये 'अनुमान' म्हणजे संशय, मराठीत अनुमान म्हणजे निष्कर्ष. पोलिसांना एखाद्यावर 'अनुमान' आहे, हे वाक्य तसंच मराठीत उतरवलं की संशयित माणूस छापून येईपर्यंत जवळजवळ गुन्हेगार होतो. 'अवसर' हा दुसरा: तिकडे घाई, इकडे संधी. असे शब्द आम्ही वहीत लिहून घेतो. प्रत्येक तुकडी त्या यादीत भर घालून जाते.

आवाज आणि चित्र

चित्र थोडं हललेलं असलं तरी लोक बघतात, आवाज फुटला की पुढे सरकतात. म्हणून पहिले पंधरा दिवस फक्त आवाज. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर. पंखा बंद. खिडकी रस्त्याकडची असेल तर खोली बदला. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रामदेव गल्लीत ढोल-ताशा सुरू झाला की फोनचा माईक गुदमरतो. त्या वेळी ध्वनिमुद्रणाची पातळी आधीच खाली उतरवून ठेवावी लागते. फुटलेला आवाज घरी येऊन दुरुस्त होत नाही, हळू आलेला मात्र वाढवता येतो.

मंडपातल्या चित्रात काळे पट्टे सरकताना पाहिलेत? आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, त्यामुळे ट्यूब आणि कितीतरी एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० (सेकंदाचा पन्नासावा भाग) ठेवा, पट्टे बहुतेक वेळा जातात. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर ती देणारी मोफत ॲप आहेत.

व्हिडिओच्या संकलनासाठी 'दा विंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती आणि आवाजासाठी 'ऑडॅसिटी' शिकवतो. चोरून घेतलेलं सॉफ्टवेअर आमच्या संगणकांवर नाही आणि तुम्हीही पेनड्राइव्हवर आणू नका. फोटो कार्यालयात पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि छापताना चेहरे पुसट येतात.

आकड्यांची भीती

पावसाळ्यात हिडकल, राकसकोप, कोयना ही धरणांची नावं रोज कानावर पडतात. आमच्याकडच्या एका मुलीने सराव म्हणून लिहिलेल्या बातमीत "धरणात इतके हजार क्युसेक साठा" असं आलं. मुलगी हुशार, पण कुणी तिला फरक सांगितलाच नव्हता. साठा टीएमसीत मोजतात, एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. क्युसेक हा वेग आहे, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर. एक टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचं तर विसर्ग सुमारे ११,५७४ क्युसेक ठेवावा लागतो. हे तिने स्प्रेडशीटमध्ये स्वतः मांडून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी विसर्गाच्या आकड्यावरून धरण किती दिवसांत किती उतरेल याचा तक्ता करून आणला. नदीकाठच्या वाचकाला तोच तक्ता हवा असतो. स्प्रेडशीट आम्ही एवढ्यासाठी शिकवतो, हिशेबनीस तयार करायला नव्हे.

खात्री केल्याशिवाय पुढे नाही

सीमाप्रश्न तापला की बसवर दगडफेकीचे व्हिडिओ दोन्ही बाजूंना फिरतात, आणि त्यांत जुनेही असतात. चित्राचा उलटा शोध (तेच चित्र आधी कुठे आलं होतं ते) कसा घ्यायचा, दुकानाच्या पाटीवरून गाव कसं ओळखायचं, हे प्रत्यक्ष करून घेतो. नंबरप्लेटही वाचायला शिकवतो: केए २२ बेळगाव, केए २३ चिक्कोडी, एमएच ०९ कोल्हापूर. मात्र नंबरवरून गाडीची नोंद कुठली ते कळतं, घटना कुठली ते नाही. इथल्या एका चुकीच्या व्हिडिओने कुणाचं तरी दुकान फुटू शकतं. म्हणून या विषयात आम्ही सवलत देत नाही.

कायद्याचं थोडं. लैंगिक अत्याचारपीडितेची ओळख उघड करायची नाही (भारतीय न्याय संहिता, कलम ७२), लहान मूल पीडित असेल तर नाव, शाळा, घर, शेजार काहीच नाही (पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, कलम २३). चेहरा पुसून गल्लीचं नाव लिहिणं म्हणजे ओळख उघड करणंच. आणि सिनेमाचं गाणं तुमच्या व्हिडिओखाली लावलंत तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळू शकते.

प्रवेशाबद्दल

अभ्यासक्रम चार महिन्यांचा, तुकडीत बारा जण, संगणकही बाराच. नोकरीची हमी आम्ही देत नाही, आणि जो देतो त्याच्याकडून ती लिहून मागा. शुल्क तीन हप्त्यांत भरता येतं. पहिला आठवडा बसून बघा, नको वाटलं तर पहिला हप्ता परत. निवेदक म्हणून पडद्यावर झळकायचंच असेल तर आमच्याकडे त्याचं वेगळं शिक्षण नाही. उच्चार सुधारून देतो, एवढंच.

सकाळची तुकडी कॉलेजच्या वेळेआधी सुटते. संध्याकाळची साडेसहाला सोडतो, कारण खानापूर आणि निपाणीकडच्या मुलांना बस गाठायची असते. मुलींच्या पालकांनी एकदा येऊन जागा बघून जावी, चहा आमच्याकडे.

येताना फोन, चार्जर, दोनशे पानी वही आणि आपल्या गल्लीतल्या कुठल्याही एका गोष्टीवर हाताने लिहिलेला दीडशे शब्दांचा मजकूर आणा. गटार तुंबल्याचा असला तरी चालेल. पहिल्या दिवशी तोच टाइप करायचा आहे.