दात्याचं टेंडन उणे ८० अंशांत का ठेवतात?

परभणी-लातूरकडच्या कबड्डीच्या मैदानावर हे नेहमीचं आहे. पकड सोडवताना पाय मातीत रुततो, वरचं अंग फिरतं आणि गुडघ्यात ‘कट्’ वाजतं. बहुतेकदा तुटलेलं असतं ते एसीएल हे लिगामेंट, म्हणजे गुडघ्यातली हाडं एकमेकांशी बांधणारा दोर. टाके घालून ते सहसा सांधत नाही, त्याच्या जागी नवा दोर ओवावा लागतो. विशी-पंचविशीच्या खेळाडूला त्याच्याच मांडीमागचं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) उत्तम, कारण या वयात दात्याचा दोर पुन्हा तुटण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. पण तीच शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा करायची किंवा दोन-तीन लिगामेंट एकदम गेली, तर घरचे दोर पुरत नाहीत. मग मृत दात्याच्या टाचेचं किंवा नडगीच्या स्नायूंचं टेंडन कामी येतं.

जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर असतात, हे इथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. तिथे पेशी जिवंत राहायला हव्यात. टेंडनचं उलटं आहे. गोठवताना त्यातल्या पेशी मरतात आणि ते बरंच होतं, शरीराचा विरोध कमी होतो. रक्तगटही सहसा जुळवावा लागत नाही. टिकवायचा असतो तो फक्त कोलॅजनचा, म्हणजे टेंडनला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचा पीळ. नंतर रुग्णाच्याच पेशी त्यात शिरून वस्ती करतात. त्याला महिनोन्महिने लागतात.

मग एवढी थंडी कशाला? कोलॅजन कुरतडणारे एन्झाइम उणे २० ला मंदावतात, थांबत नाहीत. म्हणून उणे २० ते ४० मध्ये टेंडन सहा महिनेच ठेवतात, उणे ८० च्या आसपास पाच वर्षांपर्यंत.

खरी जोखीम मात्र फ्रीजरच्या आधीची. मृत्यूनंतर आतड्यातले जिवाणू रक्तात उतरतात, आणि मे महिन्यातल्या मराठवाड्यासारख्या उन्हात तर भराभर. अमेरिकी ऊतीपेढ्यांचा (दात्यांची टेंडन, हाडं अशा ऊती साठवणाऱ्या संस्थांचा) दंडक असा: देह १२ तासांत थंड केला असेल तर २४ तासांच्या आत ऊती काढायच्या, नाहीतर १५ तासांच्या आत. २००१ साली मिनेसोटात गुडघ्यात दात्याची ऊती बसवलेला एक तरुण क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूच्या संसर्गाने दगावला. दात्याचा देह १९ तास शीतगृहाबाहेर होता.

काढल्यावर टेंडनवरचं मांस आणि चरबी बोथट पात्याने खरवडतात. ते सुकू नये म्हणून सलाईनची ओली गॉज लागतेच. जंतुतपासणीचा बोळा अँटिबायोटिकच्या द्रावणात बुडवण्याआधी फिरवायचा. नंतर फिरवला तर औषधामुळे जंतू वाढत नाहीत आणि अहवाल खोटाच स्वच्छ येतो. शिवाय क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातलं त्याचं सुप्त रूप, त्या द्रावणाला दाद देत नाहीत. दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि सिफिलिसची तपासणी होऊन निकाल येईपर्यंत माल वेगळा ठेवतात.

बीजाणूंवर इलाज गॅमा किरणांचा. मुंबईच्या टाटा रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ पासून हेच तंत्र वापरते. नेहमीची मात्रा २५ किलोग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). पण मात्रा वाढेल तसे कोलॅजनचे धागेही तुटतात. त्यामुळे टेंडनला अनेक पेढ्या कमी मात्रा देतात, तीही कोरड्या बर्फावर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) ठेवून.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पाकीट कोमट सलाईनमध्ये साधारण अर्धा तास. घाईने गरम पाणी ओतलं की कोलॅजन आकसतं. वितळल्यावर टेंडन दुहेरी दुमडून टोकं शिवतात, मापाच्या भोकातून ओढून ८ मिलिमीटर किंवा जास्त जाडी मिळते का पाहतात आणि ताण देऊन ठेवतात, नाहीतर दोर गुडघ्यात गेल्यावर सैल पडतो. एकदा वितळलेलं टेंडन पुन्हा गोठवत नाहीत. शस्त्रक्रिया पुढे ढकलली, तर ते टाकून द्यावं लागतं.