माहिती प्रणालीच्या विश्लेषणाचे व आराखड्याचे स्वयंचलन

संस्थेला कोणती माहिती लागते, ती कुठून येते, तिच्यावर कोणती प्रक्रिया होते हे शोधणे म्हणजे प्रणालीचे विश्लेषण. त्यावरून प्रणालीची रचना ठरवणे म्हणजे आराखडा. प्रोग्राम लिहिण्याआधीची ही दोन्ही कामे संगणकाकडूनच, निदान अंशतः, करून घेण्याला त्यांचे स्वयंचलन म्हणतात.

पूर्वी हे काम कागदावर चाले. गरजांचे दस्तऐवज शेकडो पानांचे असत आणि त्यांतली परस्परविरोधी विधाने प्रोग्राम तयार झाल्यावरच उघडी पडत. यावर उपाय म्हणून १९६८ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात डॅनियल टाइक्रो यांनी इस्डॉस प्रकल्प सुरू केला. पीएसएल ही गरजा मांडण्याची भाषा आणि पीएसए हा त्या तपासणारा प्रोग्राम, ही त्याची मुख्य देणगी. समजा, ‘वेतनपत्रक’ हे ‘कामाचे तास’ यावरून तयार होते असे नोंदवले, पण हे तास प्रणालीत कुठूनच येत नसतील, तर पीएसए ती उणीव दाखवून देई. प्रत्येक विधान डेटाबेसमध्ये एकदाच साठवले जाई आणि हवे ते अहवाल त्यातूनच निघत. आजही हीच कल्पना या क्षेत्राचा पाया आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आराखड्याच्या बाजूला खरे यश मिळाले ते डेटाबेसच्या रचनेत. कोणती माहिती कशावरून ठरते, एवढे सांगितले की तिसऱ्या सामान्य रूपातील (म्हणजे तीच माहिती पुन्हा पुन्हा साठवणे टाळणारे) तक्ते यांत्रिकपणे बनवता येतात, हे फिलिप बर्नस्टाइन यांनी १९७६ मध्ये दाखवले. प्रश्न गणिती असल्यामुळेच हे जमले.

१९८० च्या दशकात ‘केस’ साधने, म्हणजे संगणकाच्या मदतीने सॉफ्टवेअर घडवण्याची साधने, आली. पडद्यावर आकृत्या काढायच्या आणि त्यांतून प्रोग्राम मिळवायचा, अशी त्यांची मांडणी होती. आयबीएमने १९८९ मध्ये जाहीर केलेली एडी/सायकल योजना सर्व साधनांना माहितीच्या एका सामाईक भांडाराशी जोडणार होती; ती तडीस गेली नाही. १९९७ मध्ये यूएमएल ही आकृत्यांची प्रमाण भाषा ठरली.

यंत्र सांगितलेल्या गोष्टींतली विसंगती पकडते. कुणीच न सांगितलेली गरज त्याला दिसत नाही. मोठी भाषा-प्रारूपे (माणसासारखा मजकूर लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली) आता मुलाखतींच्या टिपणांवरून गरजांचा मसुदा लिहितात, पण राहिलेल्या जागा ती अंदाजानेही भरतात. म्हणून कोणते विधान कुणाचे, याची नोंद आता अधिकच मोलाची झाली आहे. तशी सोय पीएसएलमध्ये होती: विधान कुठून आले आणि त्याची जबाबदारी कुणाची, हे त्याच्यासोबतच लिहिता येई.