शासनसंस्था : प्रयोजन, प्रकार आणि नागपूरचा अनुभव

सर्वांना बंधनकारक ठरणारे निर्णय घेणे, ते अमलात आणणे आणि त्यांवरून उद्भवणारे तंटे मिटवणे यांसाठी समाजात जी यंत्रणा उभी राहते, ती शासनसंस्था. राज्यसंस्था तिच्याहून व्यापक असते. भूप्रदेश, लोक, सार्वभौमत्व आणि शासन ही राज्यसंस्थेची चार अंगे मानली जातात. निवडणुकीत सरकार पडते, राज्य पडत नाही.

शासनप्रकारांची वर्गवारी ॲरिस्टॉटलपासून दोन प्रश्नांवर होत आली आहे. सत्ता किती जणांच्या हाती आहे आणि ती कोणाच्या हितासाठी वापरली जाते, हे ते दोन प्रश्न. एकाची सत्ता लोकहिताची असेल तर राजेशाही, स्वार्थाची असेल तर जुलूमशाही. मोजक्यांची सत्ता असली तर अभिजनसत्ता किंवा धनिकसत्ता, अशी ती मांडणी. पाठ्यपुस्तकाला ती सोयीची आहे. पण नागपूरसारख्या शहराचा इतिहास समजून घ्यायला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : गादीवर कोण बसले आहे आणि कारभार कोणाच्या हाती आहे? गेल्या तीनशे वर्षांत या शहराने राजेशाही, परकी नोकरशाही, अर्धीमुर्धी लोकशाही, गव्हर्नरची एकहाती राजवट आणि प्रौढ मताधिकाराची संसदीय लोकशाही असे सगळे पाहिले. यांतल्या बहुतेक राजवटींत वरच्या प्रश्नाच्या दोन भागांची उत्तरे निरनिराळी येतात.

प्रयोजन

शासन कशासाठी, याचे सर्वांत जुने भारतीय उत्तर ‘मत्स्यन्याय’ या कल्पनेत आहे. दंड धरणारा कोणी नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, म्हणून राजा हवा. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. स्वामी हे त्यांतले पहिले अंग असले, तरी प्रजेच्या सुखातच राजाचे सुख असल्याचे कौटिल्य बजावतो. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या युरोपात हॉब्जने सुरक्षेला, लॉकने जीवित व मालमत्तेच्या हक्कांना आणि रूसोने लोकांच्या सामूहिक इच्छेला शासनाचा पाया मानले. मतभेद मोठे असले तरी सगळ्यांचे एकमत एका गोष्टीवर आहे : माणसाला एकट्याने जमत नाही असे काही काम असते आणि शासन त्यासाठी असते.

ते काम कोणते, हे पूर्व विदर्भातल्या तळ्यांवरून चांगले कळते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि काही प्रमाणात नागपूर जिल्ह्यात शेकडो जुने तलाव आहेत. धानाची शेती त्यांवर चाले. इंग्रजी अमदानीत 1860 नंतरच्या जमीनबंदोबस्तांत गावोगावच्या मालगुजारांना मालकीहक्क मिळाले आणि तलावही त्यांच्याकडे गेले. सारा गोळा करणारा हा माणूस काही न्यायी शासक नव्हता. त्याच्या वेठबिगारीच्या कथा या भागात अजून ऐकू येतात. पण पाळ फुटली तर त्याचेही पीक जाई, त्यामुळे गाळ काढून घेणे त्याच्या गरजेचे होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ती जायलाच हवी होती. तलाव सरकारजमा झाले, शेतकऱ्यांचे पाण्याचे जुने हक्क निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या वापरहक्कांच्या नोंदीत, राहिले. मात्र गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न मोकळा सुटला. आज लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि बहुतेक तलाव जिल्हा परिषदांकडे आहेत. अन्यायी मालक हटवणे हे शासनाचे काम होते, ते झाले. त्याच्या जागी रोजचा सांभाळ उभा करणे हेही शासनाचेच काम होते. विदर्भातले बरेचसे राजकीय गाऱ्हाणे या दुसऱ्या कामाविषयी आहे, पहिल्याविषयी नाही.

पाणीपुरवठ्यातही हाच बदल दिसतो. गोंड राजांनी शहरात जुम्मा तलाव केला, भोसल्यांच्या काळात अंबाझरीचा तलाव झाला, इंग्रजी काळात नगरपालिकेने नळ आणले, आणि 2012 पासून शहरातले वितरण महानगरपालिकेच्या वतीने ‘ऑरेंज सिटी वॉटर’ ही कंपनी पाहते. पाणी पेंच आणि कन्हान नद्यांचे, दर ठरवायचे महापालिकेने, बिल हातात द्यायचे कंपनीने. म्हणजे शासनाने स्वतः काम करावे की ते झाले याची हमी फक्त घ्यावी, हा जगभरचा वाद नागपूरकराच्या नळापाशीही येऊन पोचला आहे.

गादी आणि कारभार

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या आरंभी ‘राजापूर बारसा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या जोडून नागपूर वसवले. त्याचा वारस चांद सुलतान याने राजधानी इथे आणून शहराला तट बांधला. चांद सुलतानानंतर वारसाहक्काचे भांडण लागले, राणीने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले आणि 1743 पर्यंत सत्ता भोसल्यांकडे आली. इथे एक चमत्कारिक व्यवस्था झाली. गोंड राजा बुऱ्हाण शहा याला हटवले नाही. तो नागपुरातच आपल्या किल्ल्यात राहिला, त्याचा मान चालू राहिला, तनखा चालू राहिला. फक्त राज्य चालले नाही. रघुजी स्वतःही कागदोपत्री स्वतंत्र राजे नव्हते. ते सातारच्या छत्रपतींचे ‘सेनासाहेब सुभा’ होते, आणि तिकडे छत्रपतींच्या नावाने कारभार पेशवे करत होते. तीन पायऱ्यांची ही उतरंड पाहिली की ‘राजेशाही म्हणजे एकाची सत्ता’ ही व्याख्या किती कच्ची आहे ते कळते.

इंग्रजांशी झालेल्या 1803 च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. 1816 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली, नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर ते लढले आणि हरले. मग पाळी भोसल्यांची आली. तिसरे रघुजी लहान असताना ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी (रेसिडेंट) रिचर्ड जेंकिन्स याच्या हाताखालचे इंग्रज अधिकारी परगणे चालवत होते. राजा वयात आल्यावर 1830 पर्यंत कारभार टप्प्याटप्प्याने परत मिळाला. गोंड राजाच्या वाट्याला भोसल्यांकडून जे आले होते, तेच भोसल्यांच्या वाट्याला कंपनीकडून आले. फरक एवढाच की कंपनीने शेवटी नावही शिल्लक ठेवले नाही. डिसेंबर 1853 मध्ये रघुजी वारस नसताना वारले आणि 1854 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. भोसल्यांचे हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले. महालातल्या लोकांना तो लिलाव राज्य जाण्याइतकाच झोंबला.

1861 मध्ये नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा मुलूख जोडून मध्यप्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. वर चीफ कमिशनर, जिल्ह्यात डेप्युटी कमिशनर, खाली तहसीलदार आणि पटवारी. ही शुद्ध नोकरशाही होती. निवडून आलेले कोणी नाही, उत्तर द्यायचे ते कलकत्त्याला. शासनाचे वर्गीकरण करणारे या प्रकाराला फारशी जागा देत नाहीत, पण नागपूरच्या प्रशासनावर सर्वांत खोल ठसा याच प्रकाराचा आहे. तहसील, पटवाऱ्याचा दप्तरखाना, सिव्हिल लाइन्समधले बंगले हे सारे पुढच्या प्रत्येक राजवटीने जसेच्या तसे वापरले. राजवट बदलली म्हणून फेरफाराच्या नोंदीसाठी घालावे लागणारे हेलपाटे कमी झाले, असे खेड्यातला माणूस सहसा म्हणत नाही.

अर्धी लोकशाही

1919 च्या कायद्याने आलेली द्विदल पद्धत ही शासनप्रकारांमधली एक कसरत होती. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे. अर्थ, पोलीस, जमीनमहसूल ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरकडे. खर्चाची कामे मंत्र्यांनी करायची आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला. मध्यप्रांतात ही पद्धत जितकी ठळकपणे मोडली तितकी क्वचितच कुठे मोडली असेल. 1923 च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला कायदेमंडळात बहुमत मिळाले. त्यांनी मंत्रिपदे घेतली नाहीत, मंत्र्यांवर अविश्वास दाखवला, अंदाजपत्रक फेटाळले. 1924 मध्ये गव्हर्नरला सोपीव खातीही स्वतःकडे घ्यावी लागली. पद्धत पोकळ आहे हे दाखवायचे होते, ते दाखवून झाले. पुढे काय, यावर मात्र पक्षात एकमत नव्हते. 1925 मध्ये त्याच पक्षाचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली आणि पक्षात फूट पडली.

1935 च्या कायद्याने द्विदल पद्धत प्रांतांतून गेली आणि जबाबदार मंत्रिमंडळे आली. 1937 मध्ये डॉ. ना. भा. खरे मध्यप्रांत व वऱ्हाडचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्या पदाला पंतप्रधान म्हणत. मंत्रिमंडळ मराठी आणि हिंदी भागांत दुभंगलेले होते. जुलै 1938 मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांनीही द्यावा म्हणून सांगितले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. शं. मेहता यांनी पक्षश्रेष्ठींच्या आदेशाशिवाय राजीनामा देण्यास नकार दिला. गव्हर्नरने तिघांना काढले आणि खऱ्यांना नवे मंत्रिमंडळ बनवू दिले. त्यावर काँग्रेस कार्यकारिणीने हस्तक्षेप केला आणि काही दिवसांतच खऱ्यांना पायउतार व्हावे लागले. शुक्ल मुख्यमंत्री झाले.

नागपूरच्या जुन्या घरांत या प्रकरणावर अजून दोन तट पडतात, पण तत्त्वाचा प्रश्न व्यक्तींपलीकडचा आहे. संसदीय पद्धतीत मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार असते. इथे विधिमंडळाला कोणी विचारलेच नाही. निर्णय एकीकडे राजभवनात आणि दुसरीकडे वर्ध्याला, काँग्रेस श्रेष्ठींच्या बैठकीत झाला. पक्षश्रेष्ठींनी मुख्यमंत्री ठरवण्याची जी रीत स्वतंत्र भारतात सर्व पक्षांनी आपलीशी केली, तिचे एक आरंभीचे आणि ठळक उदाहरण नागपूरचे आहे.

नोव्हेंबर 1939 मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि 1946 पर्यंत 1935 च्या कायद्याच्या कलम 93 खाली गव्हर्नरची राजवट चालली. हे कलम संविधानात कलम 356 च्या, म्हणजे राष्ट्रपती राजवटीच्या, रूपाने आले. महाराष्ट्रात ते 1980, 2014 आणि 2019 मध्ये लागू झाले.

संसदीय आणि अध्यक्षीय, एकात्म आणि संघीय

अमेरिकेत कार्यकारी प्रमुख लोकांकडून ठराविक मुदतीसाठी निवडला जातो, विधिमंडळ त्याला अविश्वासाने पाडू शकत नाही. ब्रिटन आणि भारतात तो विधिमंडळाच्या बहुमतावर तगतो. फ्रान्सने 1958 पासून दोन्हींचे मिश्रण चालवले आहे. स्थैर्य हवे असेल तर अध्यक्षीय आणि उत्तरदायित्व हवे असेल तर संसदीय, असे ढोबळपणे म्हटले जाते.

संघीय रचनेबाबत नागपूरला सांगण्यासारखे अधिक आहे. हे शहर जागचे हलले नाही, तरी ते मध्यप्रांत व वऱ्हाड, मध्य प्रदेश, द्विभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र अशा चार प्रांत-राज्यांत राहून आले. संविधानाच्या कलम 3 नुसार राज्याच्या सीमा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण त्याची संमती लागत नाही. अमेरिकेत असे करता येत नाही. 1955 मध्ये फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, ती मानली गेली नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर राजधानीचे शहर राहिले नाही. एकत्र मराठी राज्यासाठी झालेल्या सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात मात्र त्या राज्याच्या सरकारने दरवर्षी काही काळ नागपुरात यावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन इथे व्हावे असे ठरले होते, त्यातून हिवाळी अधिवेशनाची परंपरा सुरू झाली.

अधिवेशनाचे फलित काय, यावर नागपुरात दरवर्षी वाद होतो. संत्री, हुरडा आणि सहलीसाठी मंत्री येतात, ही टिंगल जुनी आहे. पण यशवंत स्टेडियमवरून निघणारे मोर्चे पाहिले की त्याचे दुसरे काम दिसते. राज्यभरातून आलेल्या माणसाला मंत्री समोर दिसतो, निवेदन हातोहात देता येते. 23 नोव्हेंबर 1994 रोजी गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाजवळ अडवला गेला. चेंगराचेंगरीत 114 माणसे मेली, त्यांत बायकामुले होती. निवेदन घ्यायला त्या दिवशी कोणी वेळेवर गेले नाही, हा आक्षेप समाजाच्या मनातून आजही गेलेला नाही. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे. शासनाच्या प्रयोजनांच्या याद्यांत ‘ऐकून घेणे’ सहसा नसते. ते असायला हवे.

स्थानिक शासन

नागपूर नगरपालिका 1864 ची, महानगरपालिका 1951 ची. महापौर शहराचा प्रथम नागरिक, पण कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे, आणि पैशाची नाडी बरीचशी स्थायी समितीकडे. शिवाय 1936 च्या कायद्याने आलेली नागपूर सुधार प्रन्यास ही संस्था वेगळीच. लेआउट नियमित करणे, भूखंड देणे ही कामे तिने दशकानुदशके केली आणि तिचा अध्यक्ष सरकार नेमते. नळ महापालिकेचा, लेआउट प्रन्यासचा, मग खड्डा कोणाचा, हा प्रश्न नागपूरकराला चांगला परिचयाचा आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने शहरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले. तरी मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ आयुक्तच प्रशासक म्हणून शहर चालवत होते. 1861 चा चीफ कमिशनर आला असता तर त्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागली नसती.

गादी आणि कारभार एकाच हाती असण्याचे उदाहरण शोधायला नागपूरहून गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावी जावे लागते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे ढकलली जाते. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. प्रत्यक्ष लोकशाहीचे हे रूप काही शे लोकवस्तीत चालते. शहरांसाठी कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे वस्तीतल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे. ती प्रत्यक्षात क्वचितच भरते.