शहरी वस्त्यांतील वांशिक पालट आणि रहिवाशांची मनोवृत्ती

शहरातील एखाद्या वस्तीत वेगळ्या वंशाची, धर्माची वा भाषेची कुटुंबे राहायला येऊ लागली, की जुने रहिवासी त्याकडे कसे पाहतात, नवे रहिवासी स्वतःला कितपत सामावून घेतले गेले असे मानतात आणि या दोन्हींचा वस्तीच्या भवितव्यावर काय परिणाम होतो, हा समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि सामाजिक मानसशास्त्र या तिघांचाही विषय आहे. त्यावरचे बरेचसे संशोधन विसाव्या शतकातील अमेरिकी शहरांत झालेले असल्याने त्याचे निष्कर्ष इतरत्र जसेच्या तसे लावता येत नाहीत.

रॉबर्ट पार्क, अर्नेस्ट बर्जेस आणि त्यांच्या शिकागोतील सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात या पालटासाठी वनस्पतिशास्त्रातील ‘आक्रमण’ आणि ‘अनुक्रमण’ या कल्पना वापरल्या : एक गट शिरतो, दुसरा मागे हटतो. ही मांडणी दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. पण झाडाझुडपांना कोणी कर्ज नाकारत नाही, हे तिच्यात सुटले. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने तयार केलेल्या नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे कर्जासाठी धोकादायक म्हणून दाखवल्या जात. घरकर्जांना सरकारी हमी देण्यासाठी १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या लेखी वस्ती एकजिनसी असणे हा गुणच होता. घर कृष्णवर्णीयांना विकायचे नाही, असे करार खरेदीखतातच घातलेले असत. न्यायालयांना त्यांची अंमलबजावणी करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. घरांच्या व्यवहारातील वांशिक भेदभावावर कायद्याने बंदी यायला १९६८ साल उजाडले.

मधल्या काळात भीतीचाच धंदा झाला. काही दलाल गोऱ्यांच्या गल्लीतून एखाद्या कृष्णवर्णीय बाईला बाबागाडी ढकलत फिरवत आणि पाठोपाठ घरोघरी जाऊन ‘भाव पडायच्या आत विका’ असे सुचवत. घाबरून विकलेली घरे स्वस्तात घ्यायची आणि ज्यांना इतरत्र घर मिळत नव्हते त्या कृष्णवर्णीय कुटुंबांना चढ्या किमतीला विकायची, असा हा ‘ब्लॉकबस्टिंग’चा खाक्या होता.

थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडलेले प्रतिमान येथे मोलाचे ठरते. चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी विखरून ठेवायची आणि काही चौकटी मोकळ्या सोडायच्या. प्रत्येक नाण्याची अट माफक : आजूबाजूच्या शेजाऱ्यांपैकी निदान एक-तृतीयांश आपल्याच प्रकारचे असावेत. अट पुरी न झालेले नाणे मोकळ्या जागी हलवायचे. एक हलले की मागे राहिलेल्याचे गणित बिघडते, मग तेही हलते, आणि पट बघता बघता दोन ठळक भागांत विभागला जातो. मिश्र वस्तीत राहायला कोणाचीच हरकत नसतानाही हे घडते. शेलिंग यांना २००५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खरी माणसे इतकीही सहिष्णू नसतात. डेट्रॉइटमध्ये १९७६ साली रेनल्ड्स फार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांपुढे घरांची चित्रे असलेली कार्डे ठेवली. मधले घर तुमचे, भोवताली चौदा घरे. त्यांतली कृष्णवर्णीयांची घरे कार्डागणिक वाढत जात. कृष्णवर्णीयांना निम्मी-निम्मी वस्ती सर्वांत जास्त पसंत होती. गोऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण मात्र एक-तृतीयांशाच्या सुमारासच अस्वस्थ झाले होते. दोन्ही गटांना एकाच वेळी चालेल असे प्रमाण जवळजवळ उरतच नव्हते. डेव्हिड कार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७० ते २००० या काळातील जनगणना तपासून २००८ मध्ये दाखवले, की अल्पसंख्याकांचे प्रमाण शहरानुसार ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान पोहोचले की गोऱ्यांचे निघून जाणे एकदम वाढते.

पूर्वग्रहाची चर्चा पुष्कळ होते; शेजाऱ्याविषयीच्या अंदाजाची तेवढी होत नाही. ‘मला हे लोक नकोत’ यापेक्षा ‘बाकीचे विकून जातील आणि मी अडकेन’ ही धास्ती अनेकदा वस्तीला जास्त भोवते. न्यू जर्सीतील विलिंगबरो गावाने हे ओळखून घरांसमोर ‘विकणे आहे’ अशा पाट्या लावायलाच बंदी घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर ती रद्द केली. शिवाय परकेपणाला वंश लागतोच असेही नाही. नॉर्बर्ट एलियास आणि जॉन स्कॉट्सन यांनी १९६५ मध्ये इंग्लंडमधील लेस्टरजवळच्या ज्या वस्तीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तिथे जुने आणि नवे रहिवासी एकाच वंशाचे आणि बहुतांशी एकाच कामगार वर्गाचे होते. तरीही जुने लोक नव्यांना गलिच्छ, बेशिस्त म्हणत आणि संस्थांची पदे आपल्याकडेच ठेवत.

सहवासाने मने निवळतात का, यावर पुरावा दोन्ही बाजूंना आहे. मॉर्टन डॉइच आणि मेरी एव्हान्स कॉलिन्स यांनी १९५१ मध्ये न्यूयॉर्क आणि न्यूअर्क येथील सरकारी गृहसंकुलांची तुलना केली. एकीकडे घरे वंश न पाहता दिली होती, दुसरीकडे एकाच संकुलात इमारती वेगळ्या होत्या. मिश्र इमारतींतील गोऱ्या गृहिणींची मते स्पष्टपणे अनुकूल आढळली. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये त्यासाठीच्या अटी सांगितल्या : समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि अधिकाऱ्यांचे पाठबळ. उलट रॉबर्ट पटनम यांनी २००७ मध्ये सुमारे ३०,००० अमेरिकनांच्या पाहणीवरून म्हटले, की वैविध्य असलेल्या वस्तीत लोक सर्वांपासूनच, अगदी स्वतःच्या गटापासूनही, अंग चोरून राहतात. मारिया अबास्कल आणि डेलिया बाल्दासारी यांनी २०१५ मध्ये हीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा या परिणामाचा मोठा भाग वैविध्यापेक्षा तिथे राहणाऱ्यांच्या आर्थिक-सामाजिक स्थितीतून येतो असे दिसले.

सर्वांत बोलका प्रयोग रायन एनोस यांचा (२०१४). बॉस्टनच्या गोऱ्या उपनगरांतील स्थानकांवर स्पॅनिश बोलणारे तरुण रोज सकाळी ठरलेल्या गाडीला उभे राहत. एवढ्यानेच इतर प्रवाशांची स्थलांतराविषयीची मते कडक झाली. मात्र ज्यांना दहा दिवसांनी विचारले त्यांच्यात हा कडकपणा तीन दिवसांनी विचारलेल्यांपेक्षा कमी होता. दरम्यान प्रवासी त्या तरुणांकडे पाहून हसूही लागले होते.

बदलाचा वेग सरकारने आवरावा का, हा वादाचा विषय आहे. डेन्मार्कच्या २०१८ च्या कायद्यांनुसार ‘अ-पाश्चात्त्य’ वंशाचे लोक निम्म्याहून अधिक असणे हा काही सरकारी वसाहतींना वेगळे ठरवण्याचा एक निकष झाला. त्यावर भेदभावाची टीका झाली. सिंगापूरने १ मार्च १९८९ पासून सरकारी इमारतींत वंशवार मर्यादा घातल्या. परिसरात चिनी ८४ आणि मलाय २२ टक्के, एका इमारतीत अनुक्रमे ८७ आणि २५ टक्के. त्यामुळे वेगळ्या वांशिक वस्त्या घट्ट झाल्या नाहीत, पण भुर्दंड अल्पसंख्याकांवर पडला. चिन्यांची मर्यादा भरलेल्या इमारतीत मलाय किंवा भारतीय मालकाला चिनी गिऱ्हाईकाला घर विकता येत नाही, आणि उरलेल्या थोड्या गिऱ्हाइकांत भाव कमी येतो. अशा अडलेल्या मालकांची घरे गृहनिर्माण मंडळ स्वतः विकत घेऊ शकेल, अशी तरतूद २०२२ मध्ये करण्यात आली.