ॲनोव्हा: शेतातून कारखान्यात आलेली पद्धत आणि तिची जुनी अडचण

वर्कशॉपच्या डेटावर आज सर्रास लावली जाणारी ॲनोव्हा, म्हणजे अनेक गटांच्या सरासऱ्यांत खरा फरक आहे का हे तपासायची पद्धत, जन्मली इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात. रोनाल्ड फिशर 1919 मध्ये तिथे रुजू झाले. विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासोबत त्यांनी 1923 मध्ये बटाट्याच्या 12 वाणांचा आणि खतांचा प्रयोग छापला. एकूण चढउताराची वाण, खत आणि उरलेली 'एरर' अशी फोड करणारा तक्ता त्यात होता.

पण तिथेच एक गोची होती. वाण लावले होते पूर्ण वाफ्याला, तर पोटॅशची खतं त्याच वाफ्यातल्या वेगवेगळ्या ओळींना. म्हणजे वाणांची तुलना वाफ्या-वाफ्यांतल्या फरकाशी व्हायला हवी आणि पोटॅशची ओळी-ओळींतल्या फरकाशी. पहिल्या तक्त्यात दोन्हींना एकच एरर लावली गेली. 1925 च्या पुस्तकात फिशर यांनी त्या वेगळ्या केल्या. फिशर तुलनेसाठी गटांमधला चढउतार भागिले एरर या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमचा अर्धा भाग, z, वापरत. अमेरिकेतल्या आयोवाचे संख्याशास्त्रज्ञ स्नेडेकर यांनी 1934 मध्ये थेट गुणोत्तराचे तक्ते दिले आणि फिशर यांच्या आडनावावरून त्याला F म्हटलं. भारतात ही पद्धत रुजवणाऱ्या पुस्तकांत पानसे आणि सुखात्मे यांचं 1954 चं पुस्तक ठळक, तेही शेतीचंच.

हिशेब अवघड नाही. समजा तीन लेथवर प्रत्येकी 5 शाफ्ट काढले. 25 मिमीपेक्षा जास्तीचा व्यास मायक्रॉनमध्ये असा: पहिल्यावर 2, 4, 3, 5, 1, दुसऱ्यावर 6, 5, 7, 4, 8, तिसऱ्यावर 3, 5, 4, 2, 6. सरासऱ्या 3, 6 आणि 4. गटांमधली वर्गबेरीज (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज) 23.33, तिला 2 ने (गट 3 वजा 1) भागून 11.67. गटांच्या आतली 30, तिला 12 ने (आकडे 15 वजा गट 3) भागून 2.5. दोन्हींचं गुणोत्तर F आला 4.67, 5 टक्के पातळीची मर्यादा (फरक नसताना फक्त 5 टक्के वेळा ओलांडली जाणारी) 3.89. लेथ सारखे नाहीत. कोणता वेगळा, हे मात्र F सांगत नाही. त्यासाठी पुढे गटांच्या सगळ्या जोड्या एकत्र तपासणारी टुकी चाचणी लावावी लागते. सुरुवातीलाच जोड्या-जोड्यांनी t चाचण्या (दोन सरासऱ्यांची तुलना) लावत बसलं, तर पाच गटांच्या दहा जोड्या होतात आणि खोटा फरक सापडण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या कितीतरी वर जाते.

गटांमधली पसरण फारच वेगवेगळी असेल, तर वेल्च यांची 1951 ची सुधारित चाचणी घ्यावी. विशेषतः लहान गटाची पसरण मोठी असेल तेव्हा साधा F उगाच फरक दाखवतो.

तरी कारखान्यात जास्त फसगत होते ती बटाट्याच्या तक्त्यातल्याच चुकीने, म्हणजे चुकीची एरर लावल्याने. हीट ट्रीटमेंटची तीन तापमानं, प्रत्येकाला भट्टीचा एकच लोड, लोडमधून 10 नमुन्यांची हार्डनेस. सॉफ्टवेअर 30 आकडे बघून एररला 27 डिग्रीज ऑफ फ्रीडम (वर्गबेरजेला भागायचा आकडा, इथे 30 वजा 3) देतं आणि 3.35 च्या वर F गेला की फरक जाहीर करतं. प्रत्यक्षात तापमान बदललं लोडला, नमुन्याला नाही. लोड-लोडमधला फरक मोजायला दुसरा लोडच नसल्याने तापमानासाठी योग्य एररला शून्य डिग्रीज ऑफ फ्रीडम आहेत. प्रत्येक तापमानाला निदान तीन स्वतंत्र लोड घ्यावेत, त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि भट्टी दर वेळी नव्याने सेट करावी. मग प्रत्येक लोडची सरासरी हा एक आकडा. एररला 6 डिग्रीज ऑफ फ्रीडम मिळतात आणि मर्यादा 5.14 होते. लोडमागे 10 ऐवजी 4 नमुने मोजले तरी चालतात. वाचलेला वेळ आणखी एका लोडला द्यावा.