वाक्यरूपांतराची पार्श्वभूमी : लॅटिनच्या पाठशाळेतून ‘डू ॲज डायरेक्टेड’पर्यंत

‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा, ‘ॲज सून ॲज’च्या जागी ‘नो सूनर – दॅन’ वापरा, प्रयोग बदला. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेतील ‘डू ॲज डायरेक्टेड’ या सूचनेखालचे हे प्रश्न मराठी विद्यार्थ्यांच्या इतके अंगवळणी पडले आहेत की, वाक्यरूपांतर, म्हणजे अर्थ तोच ठेवून वाक्याची रचना बदलणे, हा इंग्रजी व्याकरणाचा मूळचाच भाग असावा असे वाटते. प्रत्यक्षात हा सराव इंग्रजी भाषेहूनही जुना आहे आणि त्याचा आरंभीचा हेतू निराळा होता.

मुलांनी इसापच्या गोष्टी साध्या शब्दांत सांगाव्यात, कवितेच्या ओळी मोडून त्यांतला आशय आपल्या शब्दांत मांडावा, असे रोममधील वक्तृत्वशिक्षक क्विन्टिलियन यांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकातच सुचवले होते. ही परंपरा युरोपातल्या लॅटिन पाठशाळांमध्ये पुढे भरभराटली. इरॅस्मस यांनी लंडनच्या सेंट पॉल्स शाळेसाठी लिहिलेल्या आणि 1512 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला’ एवढ्याच अर्थाचे एक लॅटिन वाक्य शंभराहून अधिक प्रकारांनी लिहून दाखवले. प्रसंगाला शोभेल ते वाक्य हाताशी असावे, यासाठी ही सारी मेहनत होती.

इंग्रजी व्याकरणकारांना मात्र अजून वाक्यांचे तीन प्रकार माहीत नव्हते. रॉबर्ट लाउथ (1762) आणि लिंडली मरे (1795) यांच्या व्याकरणांत वाक्ये केवल आणि संयुक्त अशी दोनच होती. मिश्र वाक्याला स्वतंत्र स्थान मिळाले ते जर्मन अभ्यासक कार्ल फर्डिनांड बेकर यांच्या विचारांमुळे. जे. डी. मोरेल यांनी 1852 मध्ये वाक्यपृथक्करणावर, म्हणजे वाक्याचे भाग सुटे करून दाखवण्यावर, लिहिलेल्या पुस्तकातून ते विचार इंग्लंडच्या शाळांत रुजले. केवल, मिश्र आणि संयुक्त असे तीन कप्पे पक्के झाल्यावरच एका कप्प्यातले वाक्य दुसऱ्यात नेण्याचा अभ्यास नियमबद्ध होऊ शकला, आणि माझ्या मते या इतिहासातले हेच खरे वळण आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि 1859 मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्यानंतर इंग्रजीचे ज्ञान मोजण्याचे साधन हवे होते. रूपांतराच्या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर असते आणि ते चटकन तपासता येते, म्हणून परीक्षेच्या व्यवस्थेला तो फार सोयीचा होता. वायव्य प्रांत व अवध (साधारण आजचा उत्तर प्रदेश) येथील शिक्षण खात्यात काम केलेल्या जे. सी. नेसफिल्ड यांच्या पुस्तकांनी 1890 च्या दशकापासून पृथक्करण आणि संश्लेषण (सुट्या वाक्यांचे एक वाक्य करणे) हिंदुस्थानातील वर्गांत नेले. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले पी. सी. रेन आणि त्यांचे सहलेखक एच. मार्टिन यांच्या 1930 च्या दशकातील व्याकरणाने वाक्यरूपांतराला आज ओळखीची असलेली मांडणी दिली.

या प्रवासात हरवले काय, ते एका उदाहरणात दिसते. ‘ॲज सून ॲज द बेल रँग, द बॉइज रॅन आउट’ याचे ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट’ होते. ‘डिड’ कर्त्याच्या आधी आणायचा, ‘रँग’चे ‘रिंग’ करायचे, ‘दॅन’ विसरायचे नाही, एवढे विद्यार्थी पाठ करतो. पण ‘घंटा वाजताच मुले बाहेर धावली’ आणि ‘घंटा वाजते न वाजते तोच मुले बाहेर धावली’ यांतला फरक त्याच्या कानाला आधीच ठाऊक असतो. दुसऱ्या वाक्यात मुलांचा उतावळेपणा आहे. तो फरक वर्गात क्वचितच विचारला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विसाव्या शतकात झेलिग हॅरिस आणि त्यांचे विद्यार्थी नोम चॉम्स्की यांनी रूपांतरण ही संकल्पना भाषाविज्ञानात आणली. चॉम्स्की यांचे 1957 चे पुस्तक तिच्यामुळेच गाजले. शालेय सरावाशी तिचे नाते मात्र नावापुरतेच आहे, कारण त्यांना वाक्यरचनेमागचे नियम शोधायचे होते.

मराठीवर या सरावाची खूण उमटली ती प्रयोगाच्या बाबतीत. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीचा स्वाभाविक कर्मणी प्रयोग आहे आणि त्यात कर्ता कुठेही मागे सारलेला नाही. इंग्रजीतील पॅसिव्ह व्हॉइसला जुळेल अशी ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ ही रचना व्याकरणकारांना निराळी नोंदवावी लागली आणि तिला त्यांनी ‘नवीन कर्मणी’ असे नाव दिले. आता मराठीच्या शालेय व्याकरणातही वाक्यरूपांतराचे प्रकरण असते, आणि होकारार्थी वाक्य नकारार्थी करताना अर्थ बदलू नये, ही सूचना तिथेही दिलेली असते.