उलाढाल वाढली, पण हातात काय उरलं?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लघुउद्योजकाला धंद्याचं विचारा, तो आधी उलाढाल सांगतो. बँकही तेच विचारते. पण मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याची तब्येत उलाढालीवरून कळत नाही.

समजण्यापुरते सोपे आकडे घेऊ. मोटरसायकलचा एक ब्रॅकेट बनवायला ५०० ग्रॅम पत्रा लागतो, त्यातला १०० ग्रॅम भंगारात जातो. ७० रुपये किलोने पत्रा ३५ रुपयांचा. भंगाराचे ३ वजा केले की माल पडला ३२ रुपयांना. प्रेस, वेल्डिंग, वीज, मजुरी, वाहतूक मिळून ६ रुपये आणि नफा २. भाव झाला ४०. आता पत्रा दहा टक्क्यांनी महागला आणि ग्राहक कंपनीने तेवढी वाढ दिली, तर भाव ४३ रुपये ५० पैसे होतो. उलाढाल जवळपास नऊ टक्क्यांनी वाढली, पण कारखानदाराच्या पदरात पैसाही जास्त पडला नाही. उलट, मूळच्या ४० रुपयांवर कंपनीने दोन टक्के ‘कॉस्ट डाउन’, म्हणजे भावात कपात, मागितलं तर ८० पैसे गेले, म्हणजे नफ्याचे ४० टक्के. म्हणून पुरवठादाराची कामगिरी मोजताना अर्थतज्ज्ञ मूल्यवर्धन बघतात: विक्रीतून बाहेरून घेतलेला माल आणि सेवा वजा केल्यावर काय उरतं, आणि दर कामगारामागे ते किती पडतं.

हे उरणं फक्त मेहनतीवर ठरत नाही. गॅरी जेरेफी, जॉन हम्फ्री आणि टिमोथी स्टर्जन या अभ्यासकांनी २००५ मध्ये यावर एक मांडणी केली. ग्राहक आणि पुरवठादार यांच्यातलं नातं त्यांच्या मते तीन गोष्टींवर ठरतं: कामाची माहिती किती गुंतागुंतीची आहे, ती कागदावर पूर्ण उतरवता येते का, आणि पुरवठादाराची स्वतःची कुवत किती. काम गुंतागुंतीचं असेल, सगळं ड्रॉइंगमध्ये लिहून देता येत असेल आणि पुरवठादाराची कुवत बेताची असेल, तर तो ग्राहकाच्या मुठीत जातो. वाळूजच्या शेडमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. ड्रॉइंग कंपनीचं, डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, तीही बहुतेकदा कंपनीच्या मालकीची, पत्रा कोणत्या मिलचा तेही कंपनीच ठरवणार. (जालना जवळ आहे, पण तिथलं पोलाद मुख्यतः बांधकामाच्या सळ्यांचं.) भावावरून बिनसलं तर डाय टेम्पोत चढवून दुसऱ्या व्हेंडरकडे नेता येते. ज्याची डाय उचलून नेता येते, त्याला भाव ठरवताना फारसा आवाज नसतो.

जगभर हेच चित्र आहे. २००५ मध्ये २९९ डॉलरला विकल्या जाणाऱ्या आयपॉडचा अभ्यास झाला, तेव्हा चीनमधल्या जुळणीच्या वाट्याला जेमतेम चार डॉलर येत असल्याचं दिसलं. मोठा वाटा डिझाइन, ब्रँड आणि विक्रीकडे गेला होता.

पण मराठवाड्यातच याच्या उलट उदाहरणंही आहेत. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती पुरवठादार वाढले. त्यांपैकी एंड्युरन्सने डाय-कास्टिंगसोबत (वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणं) शॉकअॅब्सॉर्बर आणि ब्रेक ही कामं हातात घेतली, जर्मनी-इटलीतल्या कंपन्या विकत घेतल्या आणि ग्राहक वाढवले. व्हॅरॉक या दुसऱ्या पुरवठादाराने २०१२ मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा गाड्यांच्या दिव्यांचा जागतिक व्यवसाय घेतला, पण युरोप-अमेरिकेतला तो व्यवसाय २०२२ मध्ये विकून टाकला. वरच्या पायरीवर चढायला भांडवल लागतं आणि कधी तिथून खाली उतरावंही लागतं. तरीही स्वतः डिझाइन करून पूर्ण सुटा भाग देणारा आणि फक्त पत्रा ठोकून देणारा, या दोघांची भाव मागण्याची ताकद सारखी नसते, हे खरंच. म्हणूनच संभाजीनगरच्या चिकलठाण्यातलं इंडो-जर्मन टूल रूम हे डाय बनवण्याचं प्रशिक्षण देणारं केंद्र मला एखाद्या नव्या अनुदानापेक्षा मोलाचं वाटतं. डाय बनवायला शिकलेली मुलं ही या भागाची खरी पुंजी आहे.

छोट्यांना मारतं ते मात्र बऱ्याचदा रोख रकमेचं गणित. पत्र्याचे पैसे आधी द्यायचे आणि बिलाचे उशिरा मिळायचे. शेड्यूल, म्हणजे कंपनीने मागवलेला माल, दुप्पट झालं की अडकलेली रक्कमही दुप्पट. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक केलं. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही. नियम चांगला आहे, पण एकच ग्राहक असलेला माणूस त्याच ग्राहकाची तक्रार करायला धजत नाही.

आता ऑरिक या संभाजीनगरजवळच्या नव्या औद्योगिक नगरीच्या बिडकीन भागात एथर कंपनीने इलेक्ट्रिक स्कूटरचा कारखाना जाहीर केला आहे. त्या गाडीत पिस्टन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. ब्रेक, सस्पेन्शन, सीट, दिवे राहतील. इंजिनाचेच भाग बनवणाऱ्या शेडला मात्र नवं काम शोधावं लागेल, आणि ते शोधताना ड्रॉइंग वाचता येणं पुरणार नाही, काढताही यावं लागेल.